चुरी

बापूजींची एक फळी होती, सागाची,
तिला तीन भोकं.
वरच्या भोकात संत्रं अडकलं तर पहिला नंबर,
निसटलं तर मधलं भोक,
तिसऱ्यातूनही निसटलं की चुरी.
चुरीला पेटी नाही, तणसाची गादी नाही.
बांधावर ढीग, माश्या,
आणि संध्याकाळी ज्यूसवाल्याचा टेम्पो.

वरुडच्या अलीकडे, चुडामणीच्या काठाला
आमचं चर्च. टिनाचं छप्पर,
घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा.
तिथली वहीही बापूजींकडेच.
कोण आलं, कोण उशिरा आलं,
कोणाचा दशमांश किती महिने थकला,
कोणाच्या वरातीत कोण नाचलं.
प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले म्हणून
माझ्याही नावापुढे फुली आहे,
सन अठ्ठ्याऐंशी, वय वर्षं सात.
(त्यांना ते दिसलं कसं,
हे मी अजून विचारलेलं नाही.)

शलोमी मावशी तोडणीला जायची.
आंबियाच्या हंगामात व्यापाऱ्याला रविवार कळत नाही,
ट्रक उभा म्हणजे उभा.
त्या साली चर्चच्या वेळेत ती झाडावर होती,
मग प्रभुभोजनाला बापूजींनी
ताट तिच्या पुढून तसंच पुढे नेलं.
पुढे केलेला तळहात आता कुठे ठेवावा
ते तिला कळेना.
शेवटी पदराचं टोक उगाच झटकलं.
मी पाहत होते. डोळे उघडेच होते.

"नियम काही मी केला नाही,"
घरी येऊन चपला काढताना बापूजी म्हणाले.
कोणी काही विचारलं नव्हतं.

या नाताळात त्यांची उजवी बाजू गेली.
शब्द गेले. प्रभूची प्रार्थना गेली,
आईचं नाव गेलं.
अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, होतं असं,
एखादीच गोष्ट मागे राहते.
मागे राहिले आकडे.
पाणी पाहिजे: सात.
कूस बदलायची: एकोणीस.
झोप नाही आली की एक ते शंभर,
आणि पुन्हा एक.

पाळक आले. म्हणाले, "म्हणा, प्रभू, दया कर."
बापूजींनी ओठ गोळा केले, कपाळाला घाम आला,
आणि म्हणाले, "चाळीस."
पाळक थोडा वेळ थांबले.
आकड्याला आमेन कसं म्हणायचं
ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

परवा शलोमी मावशी आली,
हातात थैली, थैलीत मृगाची चुरी.
खाटेजवळ खालीच बसली.
"ओळखलं का, भाऊ?"
बापूजी तिच्या हातांकडे पाहत राहिले.
मग डावा हात गादीवरून घसरत घसरत काठाशी आला,
"अकरा," म्हणाले.
"अकरा." गळा भरून, "अकरा, अकरा."

मी वही काढली नाही.
काढली असती तर कळलं असतं
किती वेळा ताट तिच्या पुढून गेलं.
अकरा असेल.
किंवा त्यांना नुसती तहान लागली असेल.
मावशी म्हणाली, "राहू दे ना बावा,
मले कुठी मोजता येते."

तिने साल काढली, शिरा काढल्या,
नखाने फोड चिरून बिया बाजूला केल्या,
आणि फोड त्यांच्या जिभेवर ठेवली.
रस हनुवटीवर आला, तो पदराने पुसला.
एक फोड मला दिली, एक तिने खाल्ली.
चुरी आंबट असते म्हणतात.
मला माहीत नव्हतं,
आमच्या घरात कोणी कधी चाखलीच नव्हती.

बापूजींनी पुन्हा तोंड उघडलं,
पिलू उघडतं तसं,
या वेळी आकडा न सांगता.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता,
आहे का चुरी, म्हणून.
मी दारातूनच हात हलवला.
नाही.